समाजशास्त्राची पदवी बेतताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

समाजशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. लिहिणाऱ्यांत अभ्यासमंडळाचे सदस्य आहेत, नवा विभाग उभा करणारे आहेत, वर्गात शिकवणारे आहेत आणि एक विद्यार्थिनीही आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: आमच्याकडे समाजशास्त्राची तीन वर्षांची पदवी नव्याने सुरू होते आहे. समितीने पाच विद्यापीठांचे अभ्यासक्रम गोळा करून चाळीस पेपरांची यादी काढली. आता कोणते ठेवायचे आणि कोणते वगळायचे यावर बैठकांमागून बैठका चालल्या आहेत. सुरुवात नेमकी कुठून करायची?

ती यादी तूर्त कपाटात ठेवा. पेपरांच्या नावांपासून सुरुवात झाली की प्रत्येक सदस्य आपापल्या विषयाचा वकील होतो आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचा पेपर राहतो.

पहिला कागद वेगळा हवा. पदवी हातात पडेल तेव्हा विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे, हे सहा ते आठ वाक्यांत लिहा. त्याहून जास्त वाक्ये झाली तर ती कुणाच्या लक्षात राहत नाहीत आणि पुढे कुणी तपासतही नाही. प्रत्येक वाक्यातली क्रिया पडताळून पाहता येईल अशी असावी. ‘विद्यार्थ्याला समाजाची जाण येईल’ हे वाक्य कितीही गोड वाटले तरी त्याची परीक्षा घेता येत नाही. ‘दोन चलांची (चल म्हणजे माणसागणिक बदलणारी गोष्ट, जसे शिक्षण किंवा उत्पन्न) सारणी वाचून, तिसरे चल आणल्यावर संबंध टिकतो की नाही हे सांगता येईल’ याची घेता येते.

वाक्ये सुचत नसतील तर एक तयार चौकट हाताशी आहे. अमेरिकेत २०१६ मध्ये सुझन फर्ग्युसन आणि विल्यम कार्बोनारो यांनी पदवीच्या पातळीवरच्या समाजशास्त्रासाठी ‘समाजशास्त्रीय साक्षरते’ची चौकट मांडली. तिच्यात पाच मूलभूत संकल्पना आहेत: समाजशास्त्रीय दृष्टी, सामाजिक संरचना, सामाजीकरण, स्तरीकरण (समाजातली वरच्या-खालच्या थरांची रचना), आणि सामाजिक बदल व पुनरुत्पादन (तीच रचना पिढ्यानपिढ्या टिकून राहणे). त्यांच्या जोडीला सहा क्षमता आहेत. सिद्धांत लावून पाहणे, प्रचलित स्पष्टीकरणे तपासणे, पुराव्याचा दर्जा जोखणे, आकडेवारीचे विश्लेषण करणे वगैरे. ही चौकट जशीच्या तशी उचलू नका. पण तिच्यावर वाद घालत बसलात तर तुमची वाक्ये दोन बैठकांत तयार होतील.

मग तक्ता करा. आडव्या ओळींत ही वाक्ये, उभ्या रकान्यांत पेपर. प्रत्येक चौकोनात तीनपैकी एक खूण: ‘ओळख’, ‘सराव’ किंवा ‘कसोटी’. जिथे काहीच होत नाही तो चौकोन रिकामा. आता तक्ता काय सांगतो ते पाहा. बहुतेक ठिकाणी विषमता या संकल्पनेची ‘ओळख’ सात-आठ पेपरांत पुन्हा पुन्हा होते आणि आकडेवारीचे विश्लेषण मात्र एकाच पेपरात उगवून तिथेच मावळते. एखाद्या ओळीत ‘कसोटी’ कुठेच नसेल, तर ते उद्दिष्ट शोभेचे आहे. एखादा रकाना जवळपास रिकामा असेल, तर तो पेपर सक्तीचा ठेवायला कारण उरत नाही, मग तो कितीही जुना आणि प्रतिष्ठेचा असो.

चाळीस पेपरांची यादी कपाटातून बाहेर काढायची ती आता.

प्रश्न: चार क्रेडिटचा पेपर, साठ तासिका, सहा घटक. दरवर्षी शेवटचे दोन घटक धावतपळत उरकावे लागतात. शिक्षक कमी पडतात की अभ्यासक्रम जास्त आहे?

अभ्यासक्रम जास्त आहे. पंधरा आठवडे गुणिले चार म्हणजे साठ, हा हिशेब कागदावरचा. प्रवेश लांबतात, चाचण्या असतात, सुट्ट्या येतात, तपासलेल्या वह्या परत देऊन चुका समजावण्यात तास जातात. हातात प्रत्यक्षात ४८ ते ५० तासिका उरतात. पेपर ४८ तासिकांचाच बेता. चार-दोन तास वाचले तर ते चर्चेत सहज मुरतात.

एका मुख्य संकल्पनेला किमान तीन तास लागतात. एक मांडणीला, एक ती उदाहरणावर लावून पाहायला, आणि एक काही दिवसांनी तिच्याकडे परत येऊन आक्षेप घ्यायला. तिसरा तास नेहमी कापला जातो, आणि नेमका त्यामुळेच विद्यार्थ्याजवळ फक्त व्याख्या उरते. ४८ भागिले तीन म्हणजे सोळा. त्यातून चाचण्या आणि उजळणी वजा केली की एका पेपरात साधारण बारा मोठ्या संकल्पना मावतात. तुमच्या सहा घटकांतल्या संकल्पना मोजून पाहा, तीस तरी निघतील. घटक चार करा, आणि सगळ्यांना समान तासिका देण्याचा हट्टही सोडा. एका घटकाला अठरा तासिका आणि दुसऱ्याला आठ, यात गैर काही नाही.

दुसरीकडचा अभ्यासक्रम उचलताना क्रेडिट कसे मोजले आहे ते आधी बघा. युरोपीय पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे एकूण २५ ते ३० तासांचे काम. त्यात वाचन, लेखन आणि परीक्षेची तयारी सगळे आले, आणि वर्षाला अशी साठ क्रेडिट असतात. इतर अनेक ठिकाणी एक क्रेडिट म्हणजे फक्त वर्गातले पंधरा तास. तिकडचा सहा क्रेडिटचा पेपर इकडे सहा क्रेडिटचा म्हणून आणला, तर जे काम त्यांचे विद्यार्थी ग्रंथालयात बसून करतात तेही तुम्ही वर्गात भरलेले असते.

वाचनाचेही असेच. अवघड सैद्धांतिक मजकूर नवखा वाचक तासाला आठ-दहा पानांच्या गतीने वाचतो. आठवड्याला पन्नास पाने एका पेपरासाठी ठीक वाटतात, पण एका वेळी चार पेपर चालू असतात. दोनशे पाने म्हणजे वीस ते पंचवीस तास, तेही वर्ग सोडून. त्यामुळे वाचनाची मर्यादा पूर्ण सत्राची मिळून ठरवा: पहिल्या वर्षी आठवड्याला ऐंशीच्या आसपास पाने, तिसऱ्या वर्षी दीडशेपर्यंत. आवश्यक वाचनात पुस्तकाचे नुसते नाव देऊ नका, पान क्रमांक द्या. अख्खे पुस्तक ‘आवश्यक’ म्हणून छापले की त्याचा अर्थ विद्यार्थी ‘ऐच्छिक’ असाच लावतो, आणि तो चुकत नाही.

प्रश्न: संशोधन पद्धतीचा एकच पेपर पाचव्या सत्रात आहे. विद्यार्थी संख्याशास्त्राचे नाव काढले की घाबरतात. सहाव्या सत्रातला प्रकल्प मित्रमंडळींना ऑनलाइन फॉर्म पाठवून उरकला जातो. काय करता येईल?

हा विद्यार्थ्यांचा आळस नव्हे. अशा रचनेतून हेच निघणार. चार सत्रे फक्त वाचायचे, पाचव्यात एकदम नमुना निवडीपासून ‘काय-वर्ग’ (काय-स्क्वेअर, दोन चलांचा संबंध योगायोगाचा आहे का हे तपासणारी) कसोटीपर्यंत सगळे गिळायचे आणि सहाव्यात स्वतंत्र संशोधक व्हायचे, हे कुणालाच जमत नाही. पद्धतीचे शिक्षण पहिल्या सत्रापासून थोडे थोडे पेरावे लागते. आम्ही सुचवू तो क्रम असा.

पहिल्या सत्रात वेगळा पेपर नको. प्रास्ताविक पेपरातच दर पंधरा दिवसांनी एक तास सारणी किंवा आलेख वाचण्याचा ठेवा, आणि सत्रभरात एकदा सार्वजनिक ठिकाणी दोन तास निरीक्षण करून त्याच दिवशी टिपणे लिहायची. दुसऱ्या किंवा तिसऱ्या सत्रात पहिला पद्धती पेपर: प्रश्न कसा घडवायचा, संकल्पनेला मोजता येईल असे दर्शक कसे शोधायचे, नमुना, नैतिकता. चौथ्यात आकडेवारीचे विश्लेषण. मुलाखत आणि सहभागी निरीक्षण पाचव्याच्या पूर्वार्धात, आणि उत्तरार्धात प्रकल्पाचा आराखडा. सहाव्यात प्रकल्प. या साखळीतली एक कडी मागेपुढे झाली तर बिघडत नाही. आराखडा आणि प्रकल्प मात्र एकाच सत्रात येऊ देऊ नका. मानवी सहभागींबाबतच्या नैतिक परवानगीला चार ते सहा आठवडे सहज जातात. आराखडा आणि परवानगी सहाव्या सत्रात ढकलली तर क्षेत्रकार्याला महिनाही उरत नाही.

संख्याशास्त्राची भीती सूत्रांच्या सिद्धतांमुळे वाढते. पदवीला सिद्धता नकोत. मध्य, मध्यक, प्रमाण विचलन, दुहेरी सारणी, काय-वर्ग, सहसंबंध आणि साध्या प्रतीपगमनाचा (रिग्रेशन, एक चल बदलले की दुसरे किती बदलते याचा अंदाज) निकाल वाचता येणे एवढे पुरे. पण जे शिकवाल ते खऱ्या आकड्यांवर शिकवा.

एक सराव इथे तपशिलाने देतो, कारण यात निम्मा पेपर सामावतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली परिसरात १९७३ साली पदव्युत्तर प्रवेशांसाठी आलेल्या अर्जांची आकडेवारी प्रसिद्ध आहे. ‘आर’ ही मोफत संगणकप्रणाली बसवली की तिच्यात सहा मोठ्या विभागांचे हे आकडे आधीच असतात. पहिल्या तासाला फक्त एकूण आकडे द्या. पुरुष अर्जदार २६९१, प्रवेश ११९८. महिला अर्जदार १८३५, प्रवेश ५५७. टक्केवारी विद्यार्थ्यांनीच काढायची. इथेच पहिली चूक दिसते. निम्मा वर्ग प्रवेश मिळालेल्यांत महिला किती टक्के हे काढतो. खरे तर टक्केवारी ज्याला आपण कारण मानतो त्या चलाच्या प्रत्येक गटात काढायची असते, म्हणजे महिला अर्जदारांपैकी किती आणि पुरुष अर्जदारांपैकी किती. उत्तर ३० आणि ४५ टक्के. भेदभाव उघड दिसतो. प्रत्येकाकडून दोन ओळींचा निष्कर्ष लिहून घ्या आणि तास संपवा.

दुसऱ्या तासाला विभागवार आकडे. पहिल्या विभागात ८२५ पुरुषांपैकी ५१२ जणांना प्रवेश मिळाला, म्हणजे ६२ टक्के. १०८ महिलांपैकी ८९ जणींना मिळाला, म्हणजे ८२ टक्के. शेवटच्या विभागात ३७३ पुरुषांपैकी २२, आणि ३४१ महिलांपैकी २४, म्हणजे सहा आणि सात टक्के. सहापैकी चार विभागांत महिलांचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्तच निघते. कालचा निष्कर्ष कोसळतो. महिलांचे अर्ज जास्त करून अशा विभागांकडे गेले होते जिथे कुणालाच सहजासहजी प्रवेश मिळत नव्हता. नियंत्रण चल (इथे विभाग) म्हणजे काय, हे यानंतर फळ्यावर वेगळे लिहावे लागत नाही.

बहुतेक शिक्षक इथे थांबतात. पण समाजशास्त्राचा तास इथून पुढे आहे. महिला त्याच विभागांकडे का वळल्या? त्या विभागांत जागा कमी का? शाळेत गणित कोण सोडते, कुठल्या ज्ञानशाखेला पैसा जास्त मिळतो, ‘निवड’ कुठवर स्वतःची असते? प्रवेश समितीने भेदभाव केला नाही असे आकडे सांगत असतील, तर विषमता नाहीशी झाली की फक्त तिची जागा बदलली? या तिसऱ्या तासात लिहिलेले एक पान सत्राअखेरच्या दहा टिपांपेक्षा जास्त सांगून जाते.

संगणकाबद्दल थोडेसे. आधी स्प्रेडशीट, मग ‘आर’ किंवा ‘पीएसपीपी’ (हीही आकडेवारीची मोफत प्रणाली). परवान्याची महागडी प्रणाली फक्त प्रयोगशाळेत असते, त्यामुळे विद्यार्थ्याचा घरचा सराव शून्य होतो. तीस जणांच्या तुकड्या, एका यंत्रावर जास्तीत जास्त दोघे. तिसरा माणूस नुसता बघत बसतो.

आता त्या ऑनलाइन फॉर्मविषयी. ‘३८४ जणांचा नमुना घेतला’ हे वाक्य प्रकल्पांत मंत्रासारखे येते. हा आकडा ९५ टक्के विश्वास पातळी, अधिक-उणे पाच टक्के त्रुटी आणि साधा यादृच्छिक नमुना (ज्यात प्रत्येकाला निवडले जाण्याची संधी सारखी असते) धरून निघतो. जो फॉर्म हाती लागेल त्याला पाठवला, तिथे यादृच्छिकता नाहीच, त्यामुळे ३८४ काय आणि ३८४० काय, त्रुटीचे ते गणित लागूच होत नाही. प्रकल्पाच्या नियमावलीतून किमान नमुन्याचा आकडा काढून टाका. त्याऐवजी ‘या नमुन्यावरून कोणाबद्दल बोलता येते आणि कोणाबद्दल नाही’ यावर एक पान सक्तीचे करा आणि त्याला गुण ठेवा.

मुलाखतींची संख्याही माणसाला झेपेल अशी ठेवा. एका तासाचे ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायला नवख्याला चार ते सहा तास लागतात. चाळीस मिनिटांच्या तीन मुलाखती म्हणजे दोन तासांचे मुद्रण, म्हणजे आठ ते बारा तास नुसते उतरवण्यात. नियमावलीत वीस मुलाखती लिहिल्यात तर सतरा मुलाखती घरी बसून तयार होतील, आणि त्या ओळखण्यात तुमचा वेळ जाईल.

प्रश्न: सिद्धांताच्या पेपरात मार्क्स, दुर्खीम, वेबर हेच तिघे. तरुण सहकारी म्हणतात की हे जुने युरोपीय पुरुष बाजूला काढा. ज्येष्ठ म्हणतात की पाया काढू नका. तडजोड म्हणून शेवटी ‘इतर विचारवंत’ असा घटक जोडला. हे बरोबर झाले का?

नाही. तो घटक शेवटचा आहे, म्हणजे वर केलेल्या तासिकांच्या हिशेबाप्रमाणे तो शिकवलाच जाणार नाही. शिवाय ‘इतर’ हे नाव देऊन निकाल आधीच लावून टाकला आहे.

विचारवंतांना ते कुठून आले यावरून न बसवता त्यांनी विचारलेल्या प्रश्नावरून बसवा. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी फिलाडेल्फिया शहरात, कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती असलेल्या सातव्या वॉर्डात घरोघरी जाऊन केलेला अभ्यास १८९९ साली प्रसिद्ध झाला. सर्वेक्षण, नकाशा, मुलाखती आणि इतिहास यांची सांगड त्यात आहे. त्याची जागा पद्धती पेपरात आणि स्तरीकरणात, अगदी पुढच्या बाकावर. ब्रिटिश लेखिका हॅरिएट मार्टिनो यांनी १८३८ मध्ये समाजाचे निरीक्षण कसे करावे यावर पुस्तक लिहिले, तेही पद्धतीचेच साहित्य आहे. डॉ. आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेला जातींच्या उत्पत्तीवरचा निबंध अंतर्विवाहाला (आपल्याच जातीत लग्न करण्याला) जातीचे मर्म मानतो आणि गट स्वतःला बंद कसा करून घेतो हे दाखवतो. तो वेबरच्या दर्जागटाच्या (सारखी मान-प्रतिष्ठा असलेल्यांच्या गटाच्या) कल्पनेशेजारी ठेवा, दोन्ही जास्त स्पष्ट होतात. चौदाव्या शतकातले अरब इतिहासकार इब्न खल्दून यांची ‘असबिय्या’ (गटातली एकोप्याची भावना) आणि दुर्खीम यांनी १८९३ मध्ये मांडलेले एकजुटीचे दोन प्रकार, अशी जोडी एका आठवड्यात छान बसते.

एका सत्रात दहा विचारवंत घेऊ नका. चार घ्या आणि प्रत्येकाची मूळ लेखनातली तीस-चाळीस पाने वाचून घ्या, अनुवादात चालतील. जन्म, घराणे, शिक्षण, प्रभाव यांत प्रत्येकी दोन तास जातात आणि परीक्षेतही तेच विचारले जाते. चरित्राला दहा मिनिटे पुरेत.

सिद्धांताबरोबर त्याच्यावरचा आक्षेपही त्याच आठवड्यात यायला हवा. दुर्खीम यांनी १८९७ मध्ये आत्महत्येच्या दरांवर सामाजिक एकात्मतेचा सिद्धांत उभा केला. पण एखाद्या मृत्यूची ‘आत्महत्या’ म्हणून नोंद कोण करतो? घट्ट विणलेल्या समाजात अशी नोंद टाळण्याकडेच कल असेल तर? अमेरिकी समाजशास्त्रज्ञ जॅक डग्लस यांनी १९६७ मध्ये हा आक्षेप सविस्तर मांडला. दोन्ही एकत्र शिकवले की सिद्धांत आणि पद्धती हे वेगळे पेपर असले तरी वेगळे विषय नाहीत हे आपोआप कळते.

सिद्धांताचे दोन पेपर करून ते दुसऱ्या आणि चौथ्या सत्रात ठेवा, लागोपाठ नको. मधल्या सत्रात कुटुंब, श्रम किंवा शहर यांवरच्या पेपरात पहिल्या सिद्धांतांचा वापर व्हायला वेळ मिळतो.

प्रश्न: प्रास्ताविक पेपर इतर शाखांचे विद्यार्थीही घेतात. त्यात मूलभूत व्याख्या नीट करून घ्याव्यात असे आमचे मत आहे.

‘समाज म्हणजे काय, समुदाय म्हणजे काय, समिती म्हणजे काय’ ही माळ ओढत बसलात तर ज्यांनी हा विषय एकदाच घेतला त्यांचा समाजशास्त्राशी संबंध तिथेच संपतो. पाच-सहा कोडी निवडा. एकाच गुणवत्तेची दोन मुले वेगवेगळ्या उंचीवर का पोचतात? अनोळखी माणसांच्या रांगेत शिस्त कुठून येते? घरकामाची गणना काम म्हणून का होत नाही? प्रत्येक कोड्याला दोन-अडीच आठवडे. संकल्पना त्या कोड्याच्या गरजेतून आणा. व्याख्या लागतातच, पण कोडे समोर असताना त्या पाठ कराव्या लागत नाहीत.

प्रश्न: विभागात आम्ही तिघे शिक्षक आणि पुस्तिकेत बारा वैकल्पिक पेपर छापलेले. विद्यार्थी विचारतात, यांतले चालू कोणते? दरवर्षी तेच दोन चालतात.

तुमचे आकडे आमच्याकडे नाहीत, म्हणून एक नमुना हिशेब मांडतो, तुमचे आकडे त्यात घाला. तीन शिक्षक, प्रत्येकी आठवड्याला सोळा तास, एकूण ४८. तीन वर्षे एकाच वेळी चालू, प्रत्येक वर्षाला तीन सक्तीचे पेपर, पेपराला चार तास, म्हणजे ३६. उरले बारा. शेवटच्या वर्षात वीस विद्यार्थी प्रकल्प करतात, प्रत्येकाला आठवड्याला अर्धा तास मार्गदर्शन दिले तर दहा तास गेले. वैकल्पिक पेपरांसाठी हातात राहिले दोन तास. म्हणजे अर्धा पेपर.

प्रकल्प-मार्गदर्शन पाच-पाच जणांच्या चार गटांत केले, गटाला आठवड्याला एक तास, तर चार तास लागतात आणि आठ उरतात. त्यात दोन वैकल्पिक पेपर नीट चालतात. गटाचा एक फायदाही आहे. दुसऱ्याचा आराखडा ऐकताना आपल्यातली खोट दिसते.

तेव्हा बाराची यादी चारावर आणा आणि एक वर्षाआड फिरवा: या वर्षी दोन, पुढच्या वर्षी दुसरे दोन. पुस्तिकेत वर्षासह छापा. शिवाय ‘विशेष विषय’ नावाचा एक मोकळा पेपर मंजूर करून ठेवा, त्याचा आशय विभाग दरवर्षी ठरवील. क्षमता आणि मूल्यमापन मात्र त्यातही पक्के लिहिलेले असावे, नाहीतर तो कुणाच्या तरी जुन्या टिपणांचे गोदाम होतो. वैकल्पिक पेपराला पूर्वअट लिहायला विसरू नका. आरोग्याच्या समाजशास्त्रात विद्यार्थ्याला दर आणि प्रमाण यांतला फरक माहीत आहे असे धरायचे असेल, तर पद्धतीचा पेपर आधी झालेला हवा.

प्रश्न: प्रश्नपत्रिकेत वर्षानुवर्षे ‘टिपा लिहा’. गृहपाठ आता एआय लिहून देते. मूल्यमापन कसे बदलावे?

प्रश्नाबरोबर साहित्य द्या. ‘सामाजिक गतिशीलतेचे (समाजातल्या एका थरातून दुसऱ्यात जाण्याचे) प्रकार सांगा’ याऐवजी वडिलांचा आणि मुलग्यांचा व्यवसाय दाखवणारी छोटी सारणी छापा आणि विचारा: गतिशीलता किती, ती रचनेतल्या बदलामुळे किती असावी, आणि ही सारणी कोणाला मोजत नाही? शेवटच्या प्रश्नाला मुली आणि त्यांच्या आया आठवल्या पाहिजेत.

गृहपाठ टप्प्यांत मागवा: प्रश्न, हाताने लिहिलेली क्षेत्रटिपणे, पहिला खर्डा, अंतिम लेख. गुण सगळ्या टप्प्यांना. मग पाच मिनिटांची तोंडी. साठ विद्यार्थ्यांना पाच तास लागतात, म्हणजे साठ निबंध तपासण्यापेक्षा कमीच. ‘हेच उदाहरण का घेतलेस’ आणि ‘याच्या विरुद्ध पुरावा कुठला असू शकतो’ हे दोन प्रश्न बहुधा पुरतात.

गुणदानाची चौकट चार निकषांवर ठेवा: संकल्पनेचा वापर, पुरावा, प्रतिवादाची दखल, मांडणी. दहा निकष केले की तपासणारा थकतो आणि सगळ्यांना सरासरी देतो. आणि पहिला लेख तपासून परत गेल्याशिवाय दुसरा मागवू नका. हा नियम सगळ्यात साधा आहे आणि सगळ्यात जास्त मोडला जातो.

प्रश्न: मी दुसऱ्या वर्षाला आहे. नोकरीसाठी ‘कौशल्य विकास’ असा वेगळा पेपर अभ्यासक्रमात असावा का?

वेगळा पेपर नसला तरी चालेल. वर सांगितलेली कामे नीट झाली तर पदवीअखेर तुझ्याजवळ तीन वस्तू असायला हव्यात: स्वतः स्वच्छ केलेला एक आकडेसंच आणि त्याचे विश्लेषण, मुलाखतींवर आधारलेला एक अहवाल, आणि निर्णय घेणाऱ्यासाठी लिहिलेले दोन पानांचे धोरण-टिपण. तुझ्या अभ्यासक्रमात यांतले काय तयार होते ते पाहा. जे होत नसेल ते प्रतिनिधीमार्फत अभ्यासमंडळाकडे लेखी माग.

प्रश्न: अभ्यासक्रम किती वर्षांनी बदलावा?

वाचनसूची दरवर्षी, रचना पाच वर्षांनी. पण रचना बदलताना सगळी वर्षे एकदम बदलू नका. पहिले वर्ष नवे, पुढच्या वर्षी दुसरे, मग तिसरे. जुन्या अभ्यासक्रमात अनुत्तीर्ण झालेल्यांसाठी कोणत्या जुन्या पेपराच्या जागी कोणता नवा चालेल याचा तक्ता मंजुरीच्या वेळीच जोडा, आणि जुन्या प्रश्नपत्रिका किती सत्रे निघतील तेही त्यातच लिहा. हा तक्ता नंतर करू म्हटले की तो परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कार्यालयातला कुणीतरी घाईघाईने करतो, आणि मग संशोधन पद्धतीच्या बदल्यात प्रास्ताविक पेपर देऊन विद्यार्थी मोकळे होतात.